मितालीचं नाव

३ फेब्रुवारी
आले एकदाची भिलाईला! रायपूरहून तासाभराचा रस्ता, पण घराबाहेरची पहिलीच नोकरी. सेक्टर ६ मध्ये सिंधुताईंकडे खोली मिळाली. त्यांचे यजमान, काका, स्टील प्लांटमधून रिटायर झालेत. ऑफिस पावर हाउस नावाच्या बाजारभागात, मोबाइलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. एकट्यादुकट्याने बनवलेले गेम लोक हौसेने डाउनलोड करतात आणि मग ते चालतच नाहीत. आम्ही ते नीट बांधून देतो. एक बटण दाबलं की गेम उतरतो, सुरू होतो. मालक सुमंतसरांनी सगळ्यांना सांगितलं, ही चारुलता, आता कुठला गेम अडणार नाही.

६ फेब्रुवारी
सरांनी त्यांचा जुना गेम दिला. कंपनी क्वार्टर्सच्या गल्ल्यांतून एक मुलगी आपलं घर शोधते. फार सुंदर आहे, पण कुठल्याच कॉम्प्युटरवर चालेना. आत पाहिलं तर फाटकांवर, पाण्याच्या टाकीवर, सायकलींवर बारीक अक्षरांत एकच नाव: मिताली. सर म्हणाले, जुनी हेल्पर होती, पुसून टाक. म्हणाले, तिथे माझं नाव टाक, खाली तुझंही टाक. मी तिचं पुसत, आमची दोघांची टाकत गेले. शेवटचं नाव पुसलं आणि गेम सुरू झाला.

१० फेब्रुवारी
तीन हजार डाउनलोड! जेवताना सिंधुताईंना दाखवला. त्यांचा घास हातातच राहिला.
"हे तर मितालीचं हाय. तुह्याच खोलीत बसून दोन वर्षं बनवून राहिली होती पोरगी. त्या सुमंतनं आपल्या नावावर केलं. तक्रार द्यायले निघाली, अन् जामुलच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं. जागीच गेली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुले माहीत नव्हतं. आता झालं. नाव परत टाकशील ना?"
मी हो म्हणाले. टाकलं नाही. पडद्यावर माझं नाव फार छान दिसतं.

१२ फेब्रुवारी
खेळणारे लिहून राहिलेत, मुलगी आता घर शोधत नाही. वळून विचारते, माझं नाव कोणी पुसलं? मी असं काही बांधलेलं नाही. लोक गमतीने 'सुमंत' टाइप करतात. ती मान डोलावते.

१३ फेब्रुवारी
खालच्या दुकानातल्या भैयालालने सरांना अडवलं, कोण पाहिजे म्हणून. दोघं रोज सोबत पान खातात! सरांनी आधार कार्ड काढलं. नावाची जागा कोरी. घरी बायकोनेही दार उघडलं नाही, म्हणे. रडत म्हणाले, तू तरी माझं नाव घे. मी तोंड उघडलं — वहीत लिहिलेलं दिसतंय, ओठांवर येत नाही —

१४ फेब्रुवारी, सकाळ
सर आले नाहीत. मितालीचं नाव परत टाकतेय. टाकते, पुसलं जातं. टाकते — पुसलं. गेम बंद केला, आपोआप सुरू झाला. आता गेममधली मुलगी काही विचारत नाही. माझ्याकडे बघते —

दुपार
सिंधुताईंनी दारातच थांबवलं. "कोणाले भेटाचं हाय?"
आईला फोन लावला. आवाज तिचाच. म्हणाली, कोण बोलतंय?
म्हणाले, आई, मी