हरियाणाच्या म्हशीपुढं आर्मेनियन

मु. पो. सास्तूर, जि. उस्मानाबाद
९ मे १९८६

आदरणीय व्यंकटदाजी यांस गुलाबचा जयभीम.

ताईलाही जयभीम, मुलांना आशीर्वाद. तुमची कंबर आता कशी आहे? ऑपरेशनसाठी तिकडं आलेल्या आमच्या आबांच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. धुळीत जाऊ नका, प्रवास करू नका, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलंच असेल (बजावलं नसेल तर बजावायला सांगा, का, ते खाली येईलच). इकडं सुमन आणि पोरं बरी आहेत. विहिरीनं तळ दाखवलाय. टँकर एक दिवसाआड येतो, म्हणजे येणार असं एक दिवसाआड सांगतात.

दाजी, दिवाळीत तुमच्याकडं हैदराबादला आलो होतो तेव्हा फुटपाथवरून मी एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं. तुम्ही विचारलं होतं, हे कशाचं? मी म्हणालो होतो, भाषेचं. ती भाषा आर्मेनियन. रशियाच्या एका कोपऱ्यात तो मुलूख आहे, तिथले लोक ती बोलतात. घरबसल्या शिकायचं पुस्तक आहे, इंग्रजीतून. मला तीच का शिकावीशी वाटली, हे लिहायला आजही संकोच वाटतो. आपल्या भागात माणसाला कुठलीही भाषा नीट चुकवता येत नाही. उर्दू बोलावं तर निजामाच्या शाळेत शिकलेले म्हातारे हसतात. कानडी बोलावं तर दुकानदार नागप्पा सुधारून देतो, तेही गिऱ्हाइकांदेखत. इंग्रजी बोलावं तर शिक्षणाधिकारी आहेतच. मास्तर असूनही आयुष्यभर माझ्या चुका दुसऱ्यांनीच काढल्या. चूक काढणारा तालुक्यात एकही नसेल अशी एक तरी भाषा आपल्याला यावी, एवढीच माझी हाव होती.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की शिकणाऱ्यानं हे उच्चार आर्मेनियन माणसाच्या तोंडून ऐकावेत. लोहाऱ्याहून येणाऱ्या एसटीत असा माणूस अजून उतरलेला नाही. अक्षरं पाहिली तर निम्मी घोड्याच्या नालेसारखी, कुणाचं तोंड वर तर कुणाचं खाली. आयब, बेन, गिम, दा, येच, झा. मी घरात मोठ्यानं म्हणू लागलो तर सुमन म्हणाली, पोरं दचकून उठतात, तुमचं हे बाहेर न्या. म्हणून मी पहाटे गोठ्यामागं उभा राहून म्हणायला लागलो. तिथंच घोटाळा झाला.

आमच्या गोठ्याला लागून नागूबाईचा गोठा. (तीच ती धनगराची नागूबाई, ताईची मैत्रीण.) दूध संस्थेनं दुष्काळात जोडधंदा म्हणून हरियाणाहून मुऱ्हा म्हशी आणून वाटल्या, त्यातली एक तिला मिळाली. काळी, देखणी, पण इथं आल्यापासून पान्हाच सोडेना. पेंडीचं आंबोण घातलं, वैदू झाला, डॉक्टर झाला. दूध घातलं नाही तर म्हैस परत नेऊ, असं संस्थेचं म्हणणं. एका पहाटे मी भिंतीपलीकडून अक्षरं म्हणत होतो आणि नागूबाईची चरवी भरली. ती तशीच चरवी घेऊन माझ्यापुढं आली. "गुर्जी, परमुलखातली म्हैस हाय. तिला परमुलखातलाच मंतर लागत हुता बगा."

दाजी, तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की बाई, ही नुसती अक्षरं आहेत. मी म्हणालो, "बघू." (माझं आर्मेनियन आदरानं ऐकणारं पहिलं माणूस समोर उभं होतं, हेही ध्यानात घ्या.) आठवड्यात गावातल्या सगळ्या हरियाणी म्हशींकडून बोलावणं आलं. शेवटी संस्थेचे चेअरमन शांतलिंगअप्पांनी माणूस धाडला. त्यांचा गोठा तुम्हाला ठाऊक आहे. आबांचा पाय तिथं लागायचा तो मेलेलं जनावर ओढून न्यायला, आणि छप्पन साली आबांनी ते कामही सोडलं आणि घरातले देवही नदीत नेऊन सोडले. त्या गोठ्यात मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मला खुर्ची दिली. म्हैस पान्हावली. मग चहा आला, घरातल्या कपबशीत. निघताना नारळ हातात दिला, तो मी घेतला. देव सोडून आलेल्या माणसाच्या घरात आज नारळांची रास लागलीय, आणि सुमन रोज खोबऱ्याची चटणी वाटते आणि माझ्याशी बोलत नाही.

म्हणून हात जोडून विनंती, आबांना निदान पावसाळ्यापर्यंत तिकडंच ठेवून घ्या. तोवर म्हशी आटतील आणि प्रकरणही आटेल.

आपला,
गुलाब

ता. क. – हे पत्र टाकायला स्टँडवर गेलो तर समोर एसटीतून आबाच उतरले, काळा चष्मा लावून. त्यांना सगळं गाडीतच कळलं होतं. शेजारी बसलेल्या माणसानं तुमच्याच पोराचा मंतर म्हणून कौतुक केलं होतं. घरी आल्यावर मला म्हणायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "यात देव कुठंय?" मी म्हणालो, नाही, अक्षरं आहेत. "मग तसं सांगितलंस का त्यास्नी?" मी नारळांची रास दाखवली. मग म्हणाले, "च्या कशात दिला?" कपबशीत. "घरातल्या?" व्हय. आबांनी चष्मा काढून पुसला. "मग न्हाय म्हनवलं नसंल तुला." दाजी, त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्या दोघांनी अप्पांकडं जायचं आणि खरं सांगायचं, असं ठरलंय. "आदी च्या घिऊ, मग सांगू," असं आबांचं म्हणणं.

ता. क. २ – जाऊन आलो. आबांनाही खुर्ची मिळाली, कपबशीही. आबांनी सावकाश चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं की अप्पा, हा मंत्र नाही, आर्मेनियन लोकांची बाराखडी आहे. अप्पा म्हणाले, "आवो गुर्जी, बाराखडी तर बाराखडी. दूध देतीया नव्हं? म्हना." आबा म्हणाले, म्हणेल, पण नारळ घेणार नाही, आणि गावात कुणीही मागितली तर शिकवेल. तेव्हा पहिली विनंती रद्द समजावी. आबा इथंच राहतील. पुढच्या सोमवारपासून शाळेच्या ओसरीवर वर्ग आहे. नागूबाईनं पुढची जागा आत्ताच धरलीय.

ता. क. ३ – हे ताईला वाचून दाखवू नका. खरी विनंती अशी की हैदराबादेत एखादा आर्मेनियन माणूस, निदान त्याचा ओळखीचा, त्या सोमवारच्या आत सापडतो का ते बघा. मला पहिली सहाच अक्षरं येतात. पुस्तकाचा दोष नाही. सहा महिने झाले, सातवं डोक्यात राहत नाही. पुढं मी सूर तोच ठेवून पावकी आणि निमकीचे पाढे पुटपुटतो. अप्पांच्या गोठ्यात तेच म्हटलं, आबांपुढंही तेच म्हटलं. काल जेवताना आबा म्हणाले, त्या लोकांच्या बाराखडीत हिशोब लई दिसतोय.