आयरिसच्या वाफ्याला पाणी नको

आप्पा,

शेतातून आल्यावर आईचा आयरिसच्या फुलांचा वाफा उकरलेला दिसेल. तो मीच उकरला. पानं पिवळी पडली होती म्हणून हात घातला, तर मातीतले गड्डे मऊ होऊन नासलेले निघाले. दोनच धड आहेत. सडका भाग कापून, राख लावून ते माजघरात सुपात ठेवलेत. रविवारी आले की उंचवटा करून लावीन. गड्ड्याची पाठ मातीबाहेरच राहू द्यायची असते. उघडी दिसली म्हणून पुन्हा माती लोटू नका.

शेजारच्या गोजरबाई दुपारी भाकरी आणतील. कालसारखी परत पाठवू नका.

मी भोकरदनला निघाले आहे. समोरासमोर बोलायला जमलं नाही म्हणून लिहिते. पाऊस चालू असतानाही तुम्ही छत्री घेऊन त्या वाफ्यात तांब्याने पाणी ओतता, हे मी रोज पाहते. दवाखान्यात आईने शेवटचं तेच सांगितलं होतं, "अहो, माह्या झाडाह्यला पाणी घालत जा, इसरू नका."

पण तेव्हा मे महिना होता, आप्पा. आज ती असती, तर तिनेच तुमच्या हातातून तांब्या काढून घेतला असता.

रेणू