अर्ध्या भावातलं माल्ट

१२ जून १९५८, गुरुवार
फोरमन स्वतः घरी आला. दारातच उभा, चहा नको म्हणाला. ह्यांचा हात लेथवर परत घसरला. बोटं वाचली, एक नख गेलं. "तोंडाला वास होता अम्मा. पुढच्या वेळी वास आला तर माझ्या हातात काही नाही. कागद तयार आहे." अठरा वर्षांची नोकरी! आणि हे आत भिंतीकडे तोंड करून झोपलेले. झोपलेले कसले, सगळं ऐकत होते.
बोलून बोलून माझ्याच तोंडाला फेस आलाय.

१४ जून, शनिवार
मागच्या घरातल्या डॉरिसबाईंजवळ कुंपणापाशी रडले. नंतर लाज वाटली. त्यांचा नवरा इंजिन ड्रायव्हर, तोही असाच होता म्हणे. "मी त्याला सोड म्हटलंच नाही. घरीच बीअर करायची, पातळ. घरात पिणारा जेवतो, जेवला की झोपतो. गुत्त्यात पिणारा जेवतच नाही, माय गर्ल."
बीअरच्या कारखान्यात गेल्या सालचं माल्ट उरलंय, अर्ध्या भावात काढतायत. पण सुटं नाही, दोन गोण्या घ्यायच्या. एक त्यांची, एक माझी.
माझी! आधी हसू आलं. मग रात्रभर तेच डोक्यात.

१६ जून, सोमवार
ह्यांना सरळ विचारलं. घरी करून दिली तर घरीच प्याल? गुत्ता बंद?
म्हणाले, "तू करणार?"
"मी करणार."
"सरी, करून दे." बस्, एवढंच.
अक्कांनी मात्र घर डोक्यावर घेतलं. ह्यांची थोरली बहीण, बोलायचा हक्कच आहे. "धाकट्या भावाला बायकोनं दारू करून घालायची! बाबांच्या फोटोखाली!" म्हटलं, अक्का, तुमचाच भाऊ, तुम्हीच सांगा दुसरा उपाय. दिवसभर माळ ओढत बसल्या. संध्याकाळी हळूच विचारतात, "गोणी ठेवणार कुठं?"

१८ जून, बुधवार
दोन गोण्या घोड्याच्या जटक्यातून आणल्या. गोदामातला माणूस म्हणतो, एवढं कशाला? डॉरिसबाई म्हणाल्या, "गाईला." कसली गाय नि कसलं काय! जटक्यात दोघी पोट धरून हसलो.
घरी गोणी उसवली. हे तर जवच की! मोड आणून वाळवलेले. दाताखाली गोड लागतात. आपण रागीचं, नाचणीचं, करतो तेच. उगाच घाबरले होते.
डॉरिसबाईंनी कृती लिहून दिलीय: भरडा, कढत पाण्यात दोन तास झाका, गाळा, उकळा, निवलं की बेकरीतलं यीस्ट. उद्या त्या कोलारला चालल्या, लेकीच्या बाळंतपणाला. त्यांची गोणी त्यांच्याच घरात, कुलपात.

२० जून, शुक्र.
झिमझिम. गोणीला दमट वास. अक्कांनी हात घालून पाहिलं. "अगं तुळसा, हे कच्चंच आहे. भाजायचं राहिलंय. न भाजता कुणी ठेवतं का? आठवड्यात पोरकिडे होतील." खरंच की. रागीला मोड आणतो, वाळवतो, मग भाजतोच ना? कागदावर भाजायचं नाही लिहिलेलं, पण डॉरिसबाईंना वाटलं असेल, एवढं हिला कळतंच.

२२ जून, रवि.
तीन दिवस भाजतोय. अख्खी गोणी. मी कढईशी, अक्का सुपाशी, मग उलट. गल्लीभर खमंग वास. माझे खांदे भरून आलेत, तेल चोळून घेतलं. अक्का म्हणतात, "पिणारच आहे तर नीट केलेलं तरी पिऊ दे." आणि ह्यांनीच सोमवारी घर डोक्यावर घेतलं होतं!

२९ जून, रवि.
पहिला पेला. फेस फार नाही, रंग तांबूस, जरा गढूळ. ह्यांनी घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत घोट.
"कशी आहे?"
"आहे."
"आहे म्हणजे?"
"चांगली आहे गं."
दोन पेले प्याले. मग जेवले. भात परत मागितला. किती महिन्यांनी! मी आत जाऊन रडले.

३ जुलै, गुरुवार
सोमवारपासून रोज सरी, ठीक. सहाच्या बसनं थेट घरी. हात मात्र कापतात, घाम येतो, अक्कांवर दोनदा ओरडले. कमी पडतेय की काय? आजपासून तिसरा पेला.

९ जुलै, बुध.
सरी. हात कापायचे थांबले. रविवारी बसून खिडकीची कडी बसवून दिली, वर्षभर लोंबत होती. मी स्वतःवर फार खूष आहे, खोटं कशाला लिहू. अक्का तर वाण्याकडे सांगून आल्या, आमच्या तुळसाच्या हातचं औषध. आता ते कशावर, ते नशीब नाही सांगितलं.

११ जुलै, शुक्र.
डॉरिसबाई परत आल्या. नातू झाला. मी हौसेनं पेला भरून दिला. एक घोट घेतला आणि खो खो हसायलाच लागल्या. "तुळसा, तू हे भाजलंस?" म्हणे माल्ट भाजलं की मेलं. त्याची साखरच होत नाही, मग नशा कुठून? "हा तर जवाचा काढा. माझ्या नातवाला पाज!" डोळे पुसत होत्या. मी हसत नाहीये हे दिसलं तेव्हा थांबल्या. "बारा दिवस तो हेच प्यायला?"
म्हणजे एक तर ह्यांना कळलं आणि गप्प राहिले. नाही तर बाहेरून पिऊन येतात, वेलची चघळतात आणि माझ्यासमोर काढा पिऊन दाखवतात. मी बसलेय आपली पाठ थोपटत.
संध्याकाळी ह्यांचा शर्ट हुंगला. मशीनच्या तेलाचा वास. माझी मलाच लाज वाटली.

१२ जुलै, शनि.
अक्का देवळात गेल्या तेव्हा विचारलं.
"पहिल्या घोटालाच कळलं," म्हणाले.
"मग बोलला का नाहीत?"
"दोघी तीन दिवस चुलीशी होतात. काय बोलणार?"
"आणि गुत्ता?"
खाली बघून, "एकदा. आत गेलो. स्वल्प घेतली. मग वाटलं तू पेला भरून ठेवला असशील. उठलो."
वहीत सरी लिहिलंय त्यातलाच एखादा दिवस. कुठला ते नाही विचारलं. राग आला, मेला भयंकर राग आला, आणि त्याच वेळी जवळ जाऊन बसावंसं वाटलं. जाऊन बसले.

१३ जुलै, रवि.
डॉरिसबाईंनी त्यांच्या गोणीतलं अर्धं दिलंय. कच्चं. "ह्या वेळी नीट कर." आमचं भाजलेलं अजून अर्धी गोणी शिल्लक. ह्यांना विचारलं, कुठल्याचं करू?
"तू ठरव."
भडकलेच मी. "पिणार तुम्ही आणि ठरवायचं मी? उद्या काही झालं की तुळसानं केली!"
कच्च्या गोणीत हात घालून म्हणाले, "नीट केलीस तर आवडेल गं. फार आवडेल. त्याचीच भीती वाटते."
"मग भाजलेल्याचं करू?"
"ते किती दिवस पुरेल?" गोणी म्हणायची होती त्यांना की दुसरं काही, माहीत नाही.
अक्का आतून ओरडल्या, काय ते लवकर सांगा, चूल पेटलीय. मी ह्यांना म्हटलं, सांगाल ते करीन, कच्चं किंवा भाजलेलं, पण तुमच्या तोंडानं सांगा. अर्धा तास झाला. दोन्ही गोण्यांच्या मध्ये बसलेत. उद्या सोमवार, कारखाना. पाणी उकळून उकळून आटत आलंय, मी उठून परत तांब्याभर ओतलं.