पाळण्याच्या लाकडाचं बूच

१ ऑक्टोबर १९१९
नव्या नोकरीच्या गावी पोचलो. बांधावरून चालत आलो. समुद्राचा वारा पाठीशी होता, ट्रंकसुद्धा हलकी वाटली. बाकी सामान उद्या घोडागाडीने येईल, माझ्या ट्यार्कचा लहानपणचा पाळणाही. तो परतला, त्याचं लग्न झालं की लागेलच.
चर्चचा ऑर्गन अपेक्षेहून चांगला निघाला. १८६८चा. हातांसाठी स्वरपट्ट्यांच्या दोन ओळी, पायांसाठी एक, नळ्यांचे सोळा संच. फक्त समोर दिसणाऱ्या नळ्यांचा संच जागेवर नाही. त्याचं कथील युद्धात सरकारने वितळवायला नेलं. त्या नळ्यांच्या भोकांत आता लाकडी बुचं आहेत.
ऑर्गनला हवा पुरवणारा भाता गावातली ओक्का यान्सेन पायाने तुडवते. तिने खडीसाखरेचा चहा पाजला आणि बजावलं की आधीचे मास्तर वाजवता वाजवता झोपायचे, तुम्ही निदान घोरू नका.

५ ऑक्टोबर
पहिली उपासना झाली. लोक खूश दिसले.
ओक्काला बुचांबद्दल विचारलं. गावातला मुलगा युद्धात मारला गेला की घरचे त्याचा पाळणा फोडतात, त्या लाकडाचं बूच करतात आणि एक भोक बुजवतात. तिच्या मुलाचं, ऊबोचं, डावीकडून तिसरं. एकच भोक उघडं उरलंय. ते तुमच्या पोराला ठेवू या का मास्तर, असं तिने विचारलं. ट्यार्क बेपत्ता आहे, मेलेला नाही, असं मी सांगितलं. आवाज चढला असावा. बरं बाबा, राहिलं, म्हणाली.

१४ ऑक्टोबर
उघड्या भोकातून वारा येतो. भाता पूर्ण खाली बसलेला असताना. तळहात धरून पाहिला. कोमट. बाहेर येतो, थांबतो, परत आत जातो.

१९ ऑक्टोबर
ओक्काला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. ऊबोचाही श्वास असाच भोकातून यायचा म्हणे, उन्हाळाभर. ती रोज शेजारी विणत बसायची. पुढे त्याला धाप लागायला लागली, तेव्हा तिने बूच मारलं. त्यांना सुटायचंच असतं मास्तर, आपणच धरून बसतो. आपल्या हाताने जीव घेतला असं वाटतं, तेही खरं, म्हणाली. मग पुढे काय करायचं, असं मी विचारलं. पुढे भाता तुडवायचा.

२३ ऑक्टोबर
भोकातल्या श्वासाला धाप लागली आहे. लहानपणी ट्यार्कला घटसर्प झाला होता तेव्हा अशीच — तेव्हा मांडीवर घेऊन बसता आलं होतं.

२५ ऑक्टोबर
पाळणा फोडला. ओक्काने लाकूड घासून दिलं. आज थट्टा केली नाही.

२६ ऑक्टोबर
बूच बसवलं. उजवा हात त्यावर दाबून धरलाय, डाव्याने लिहितो. धाप थांबली —
आतून ढकलतंय. फार जोर नाही. चालायला शिकताना माझं बोट सोडवायचा, तेवढाच —
ओक्का म्हणते, हात काढा मास्तर, झालं आता.
झालेलं नाही. तो अजून