गिव्हच्या शेपटात अडकलेली सोयरीक

पनवेल, गुरुवार

तीर्थरूप चंद्राबाय हिला धाकटा भाऊ भगवान याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत, तेल लावतेस की नुसतं बाटलीकडे बघतेस, तेही कळव. इकडे सगळे खुशाल, म्हणजे जेवतो-खातो. भाविका तेवढी बापाशी बोलत नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

विटा-रेतीच्या एका टेम्पोवरून मी तीन डंपरपर्यंत आलो तो काही शाळेच्या जिवावर नाही, हे तुला ठाऊक आहे. पण भाविकाला विश्वजीतचं स्थळ आलं (तिनेच ऑफिसातून आणलं, आपण 'आलं' म्हणायचं). माणसं शिकलेली, बाप कृष्णकांत बँकेतून निवृत्त. तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी मी नवीन पनवेलला चारुता मॅडमच्या इंग्रजी क्लासात नाव घातलं. मॅडम फार विद्वान. इंग्रजीत म्हणे क्रियापद एकटं फिरत नाही, मागे अप, ऑफ, इन, अवे असं शेपूट लागतं, आणि अर्थ शेपूटच ठरवतं. मला लगेच कळलं. क्रियापद म्हणजे सातबाऱ्यावरचा मालक आणि शेपूट म्हणजे दलाल. नाव एकाचं, व्यवहार दुसऱ्याचा. गिव्ह म्हणजे देणे. गिव्ह अप म्हणजे नाद सोडणे, गिव्ह इन म्हणजे नमतं घेणे, आणि गिव्ह अवे म्हणजे फुकट वाटून टाकणे. पोरीचं कन्यादानही त्यातच बसवलंय (एवढी प्रगत भाषा). नियम काय, असं विचारलं तर म्हणाल्या, नियम नाही, कान तयार करा. नियम नसलेली गोष्ट शिकायला तीन महिने लागतात, हे मात्र नियमाने.

गेल्या रविवारी मंडळी आली. पोहे झाले, आणि कृष्णकांतरावांनी इंग्रजीतच विचारलं, शॅल वी गो अहेड? मला सांगायचं होतं एवढंच, की मुलगी आनंदाने द्यायची आहे. पण गिव्हच्या मागे काय लावू? एक शेपूट लावलं तर मी हरलो, दुसरं लावलं तर पोरीचा नाद सोडला, तिसरं लावलं तर पोर फुकट वाटली. म्हणून कोन गावातल्या जमिनींच्या सौद्यात करतो तेच केलं, गप्प बसलो. (आपण गप्प राहिलो की समोरचा बिचकून आणखी सोडतो, यावर तर माझं घर उभं आहे.) ते म्हणाले, वी कॅन कट डाउन ऑन द गेस्ट्स. कापायचं खालून की वरून, याचा विचार करत मी आणखी गप्प. मग त्यांनी हॉलचा अर्धा खर्च घेतला, मग सगळा घेतला, मानपान सोडलं, आणि शेवटी सोडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा चपला घालून निघाले. सौदा इतका चांगला झाला की गिऱ्हाईकच गेलं. भाविकाने एकच विचारलं, "पप्पा, तुम्हाला विश्वजीत पसंत नाही, तर तसं तोंडाने का नाही सांगितलंत?" त्यानंतर अबोला.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भगवान

ता. क. विश्वजीतकडून कळलं की ही माणसं कराडची, घरात रांगडं मराठी बोलतात. बाप क्लासला जातो हे भाविकाने कौतुकाने सांगितलेलं, म्हणून मला बरं वाटावं यासाठी कृष्णकांतराव आठवडाभर आरशासमोर इंग्रजी घोकत होते.

आणखी एक. बैठक रद्द झाली असा निरोप तुला मीच धाडला होता. आत्याशिवाय आपल्यात सोयरीक ठरत नाही, हे मला माहीत होतं. पण तुझं 'आमी' आणि 'नाय' ऐकून ती माणसं काय म्हणतील, याची मला लाज वाटली. बाय, चुकलो. येत्या रविवारी त्यांच्या घरी चल आणि पोरगी द्यायची हाय एवढं सांग. तू बोलायचंस, मी पेढ्यांचा पुडा धरून उभा राहीन.

शेवटचं. आताच भाविका येऊन विचारून गेली, "आत्याला लिहिलंत का?" चार दिवसांतलं पहिलं वाक्य. पोस्टाने तुझ्या गव्हाणला पोचेतो रविवार उलटेल, म्हणून हे पत्र मी स्वतःच घेऊन आलो आहे. तू वाचते आहेस तोवर अंगणात उभा आहे. शिव्या द्यायच्या त्या दे, पण आधी लुगडं बदल, रविवारपर्यंत आमच्याकडेच राहायचंय. गाडी चालूच ठेवली आहे.