आईचा खोकला लपवू नकोस

धाकटे, तुला ताईचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. दवाखान्यात चादरी बदलायचं काम, तोंडाला फडकं बांधलेलं असतं. माझी काळजी नको.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. खोकल्याची माणसं मोजणारी बाई दारात आली, तर तू "आमच्याकडे कुणी नाही" म्हणालीस? आणि आईला तोंडात बोळा कोंबून आत बसवलंस? लोक घराला वाळीत टाकतील म्हणून?

आता ऐक. या नव्या खोकल्याचे रोगी किती, ते आमच्या दवाखान्याचा कारकून दर सोमवारी वर सरकारात कळवतो. तीन आठवडे तो वॉर्डात पाय न ठेवताच शून्य लिहीत होता. मला लिहिणं जेमतेम. खोकल्याचा माणूस आला की मी कोठीच्या दारावर खडूने रेघ ओढायची. एकेचाळीस झाल्या. डॉक्टरीणबाईंनी ते दार पाहिलं आणि कारकुनाची वही मागवली. वर शून्य गेलं, म्हणून ऑक्सिजनचे सिलिंडर आलेच नाहीत. नऊ जणांच्या तोंडावर चादर मीच ओढली.

तेव्हा शहाणपणा पुरे. शेजारीण नाक मुरडेल तर मुरडू दे, तिचं नाक जन्मापासून वाकडंच आहे.

आई जेवते का? झोपताना धाप लागते का? खरं लिही. मला इथून सोडत नाहीत, नाहीतर मीच आले असते.

त्या बाईला उद्याच बोलावून आण. आईला पुढे दारात बसव, मोठ्याने खोकू दे. जिवंत आहे तोवर मोजू दे तिला.

आईला लांबूनच नमस्कार.

तुझी तापट ताई