डाय बदलली आणि तोमिएबाई दुरावल्या

तीर्थस्वरूप मामांस,

कोहेइचा वाकून नमस्कार. तुमच्या डोंगरावर पहिलं बर्फ पडलं असेल, आणि मामींच्या गुडघ्यांनी ते आदल्या दिवशीच सांगितलं असेल. मी बरा आहे, म्हणजे जेवतो. पण एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा निम्मं उभ्यानं लिहितोय.

त्याचं असं झालं. आमच्या प्रेसवर मोटारींचे पत्र्याचे भाग निघतात. (तुम्ही गावभर सांगता तशी डब्यांची झाकणं नव्हेत, पण असो.) एक भाग संपला की प्रेसमधली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवून दुसरी चढवायची. यात अख्खी सकाळ जायची. पाना सापडला तर बोल्ट आखूड, बोल्ट मिळाला तर डायच बोटभर ठेंगणी. मग मी स्टोअरच्या खिडकीशी जायचो. तिथे तोमिएबाई बसतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. कामाला चोख, जिभेला त्याहून चोख. "सकाळचा बोल्ट खाल्लात का?" असं विचारत दुसरा द्यायच्या, वर मुळ्याच्या लोणच्याची फोड. मी मुद्दाम चुकीचा बोल्ट नेऊन (तुमच्यापासून काय लपवायचं) पुन्हा जायचो.

वसंतात आमचे मालक हाचियासाहेब एक मोठा कारखाना बघून आले आणि टोपी आपटून म्हणाले, "तिथे चहा निवायच्या आत डाय बदलते, आणि तुम्ही लेको पाना शोधताय! कोहेइ, आता हे तुझ्याकडे." मला चेव चढला. डायांखाली पट्ट्या लावून सगळ्यांची उंची सारखी केली. मशीन चालू असतानाच पुढची डाय गाड्यावर शेजारी आणून ठेवायची पद्धत पाडली. लांबलचक बोल्ट काढून एका फेऱ्यात आवळणारे क्लॅम्प बसवले, पाने प्रेसलाच टांगले. पानगळीत चाचणी झाली, तेव्हा साहेबांची सिगारेट संपायच्या आत नवी डाय चढली. टाळ्या पडल्या. खिडकीत तोमिएबाईही टाळ्या वाजवताना दिसल्या, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आता मी तिकडे जाणार कशाला?

तेव्हापासून जिवाला चैन नाही. परवा एक क्लॅम्प खिशात घातला आणि हरवला म्हणून नवा मागायला गेलो. "खिसा झटकून बघा," एवढंच म्हणाल्या, हसल्या नाहीत. नंतर कळलं, स्टोअरला कामच उरलं नाही म्हणून वर्षअखेर त्यांना मोकळं करणार, आणि त्या हामामात्सुला भावाकडे जाणार. मी साहेबांना म्हटलं, स्टोअर चालू ठेवा. ते म्हणाले, "अरे, रिकामं केलं कोणी?"

बाकी इकडे क्षेम. मामींच्या पायांवर डोकं.

तुमचा भाचा,
कोहेइ

ता. क. – मुख्य काम राहिलंच. मध्यस्थ होऊन माझ्यासाठी तोमिएबाईंना मागणी घालाल का? वर्ष संपायच्या आत, शुभकार्याचा ठेवणीतला काळा पोशाख घालून या.

आणखी ता. क. – पत्र टाकायला निघालो तर फाटकाशी त्याच भेटल्या. धीर धरवेना, तिथेच विचारून टाकलं. त्या सायकलवरून उतरल्या. "इतके बोल्ट नेलेत, तेव्हा तोंडाला काय झालं होतं?" म्हणाल्या, आणि मग, "भाऊ जुन्या वळणाचा आहे, मध्यस्थाशिवाय दारात उभं करणार नाही." तेव्हा मामा, तुम्ही नक्की याच. तुम्ही विचाराल तेव्हा त्या खाली बघून "विचार करते" म्हणतील. घाबरू नका, तसं ठरलंय.